घटक ४ : दोघांचा प्रवास, एकाची लेखणी

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हांला –
• प्रवासवर्णनातील निवेदक आणि सहप्रवासी यांचे नाते स्पष्ट करता येईल.
• ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांच्या निवडीने निवेदनाचा अर्थ कसा बदलतो, हे सोदाहरण सांगता येईल.
• स्थलविषयक माहिती आणि अनुभव यांची सांगड कशी घातली जाते, हे ओळखता येईल.
• सोबतीने केलेल्या एखाद्या प्रवासाचे वर्णन स्वतः लिहिता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, प्रवासाला पुष्कळदा दोघे निघतात. प्रवासवर्णन मात्र बहुधा एकच जण लिहितो. ही गोष्ट इतकी सवयीची आहे, की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला, तेव्हा त्यांचे काका त्यांच्याबरोबर होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव मात्र ‘माझा प्रवास’ असे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) विलायतेच्या प्रवासात सुनीताबाई सोबत होत्या, तो प्रवास आपल्याला कळतो तो पुलंच्या शब्दांत. सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले. ते प्रवासवर्णन नव्हे, आत्मकथन आहे. तरीही एकाच सहजीवनाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले असता काय दिसते, याची जाणीव त्याने मराठी वाचकाला करून दिली.

सहप्रवासी हा प्रवासवर्णनातील केवळ सोबतीचा माणूस नसतो. तो त्याच प्रवासाचा दुसरा साक्षीदार असतो. त्याने काय पाहिले, काय पाहिले नाही, हे निवेदकाला खरोखर ठाऊक असते का? प्रस्तुत घटकात आपण हा प्रश्न एका नमुना-वेच्याच्या आधारे अभ्यासणार आहोत. वेच्यातील दांपत्य नोकऱ्या सोडून दीर्घकाळ परदेशात हिंडत आहे. सुट्टीतील सहल आणि असा दीर्घ प्रवास यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सहलीत परतीची तारीख ठरलेली असते आणि घर आपली वाट पाहत असते. दीर्घ प्रवासात ‘परत केव्हा?’ हा प्रश्नच सामानाबरोबर हिंडत असतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पार्श्वभूमी : बेट आणि रस्ता

वेचा वाचण्यापूर्वी स्थळाची ओळख करून घेऊ. आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश; लोकसंख्या मात्र सुमारे चार लाख. उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई हे दोन भूपट्ट येथे एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे बेट ज्वालामुखींनी घडलेले आहे. मधला उंच प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य असून वस्ती मुख्यतः किनाऱ्यालगत आहे.

या वस्त्यांना जोडत संपूर्ण बेटाला फेरी घालणारा मार्ग क्रमांक १ हा ‘वर्तुळमार्ग’ म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे १,३३० किलोमीटर आहे. दक्षिणेकडे वात्नायोकुल या विशाल हिमाच्छादनातून निघणाऱ्या नद्या वाळूच्या सपाट मैदानावर सतत पात्र बदलतात. त्यांवर पूल बांधणे अतिशय कठीण होते. स्केइदारा नदीवरील पूल १९७४ साली पूर्ण झाला आणि तेव्हा हे वर्तुळ जुळले. तोपर्यंत आग्नेय किनाऱ्यावरच्या लोकांना मोटारीने राजधानी रेक्याविकला जायचे, तर उत्तरेकडून लांबचा वळसा घालावा लागे.

४.२.२ पाठ्यवेचा

(हा वेचा प्रस्तुत घटकासाठी तयार केलेला नमुना आहे. त्यातील पात्रे काल्पनिक असून स्थळे खरी आहेत.)

वीक गाव सोडले तेव्हा घड्याळात संध्याकाळचे सात वाजले होते. पण संध्याकाळ कुठेच नव्हती. जूनमध्ये इथला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास जेमतेम क्षितिजाखाली उतरतो आणि लगेच वर येतो. काळोख पडत नाही, त्यामुळे थांबायचे केव्हा हे कळत नाही. रोज ठरवल्यापेक्षा दोन तास जास्त आम्ही गाडी चालवत होतो. ‘आम्ही’ म्हणजे तो. गाडीच्या कागदांवर दुसरी चालक म्हणून माझे नाव पहिल्या दिवसापासून होते. पण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नाही, वारा फार आहे, उद्यापासून बघू, असे म्हणता म्हणता तीन दिवस गेले होते. नकाशा, थर्मासमधला चहा आणि बोलणे, एवढीच माझी कामे.

दुपारी वीकजवळच्या काळ्या किनाऱ्यावर बेसाल्टचे खांब पाहिले होते. एकाला एक खेटून, वर चढत गेलेले. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी मी लहानपणापासून पाहत आले आहे. तिचे अंग असेच खांबाखांबांचे. “आपला दगड!” मी म्हणाले. तो मान हलवून समुद्राकडे पाहत राहिला.

वीकच्या पुढे लाव्ह्याचे मैदान लागले. १७८३ साली लाकीच्या भेगांतून हा लाव्हा बाहेर पडू लागला, तो आठ महिने. विषारी वायूंनी गवत नासले, जनावरे मेली आणि मग दुष्काळात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसे गेली. आता त्या दगडांवर जाड, मऊ, करड्या-हिरव्या शेवाळाची दुलई आहे. त्यावर पाय देऊ नये. उमटलेला ठसा बुजायला कित्येक वर्षे लागतात. हे सगळे मी त्याला वाचून दाखवत होते. तो ‘हं’ म्हणत होता.

भाडेकरूंचा निरोप दोन दिवसांपासून फोनमध्ये पडून होता. बोरिवलीच्या घराचा अकरा महिन्यांचा करार या महिन्यात संपत होता. वाढवायचा का, असे त्यांनी विचारले होते. घराची किल्ली त्यांच्या हाती दिली, तेव्हा अकरा महिने म्हणजे केवढी तरी मुदत वाटली होती.

“काय कळवू त्यांना?”

“आपण वाढवू,” तो म्हणाला. “अजून आपलं किती तरी बघायचं राहिलंय.”

गेले अकरा महिने त्याची सगळी वाक्ये ‘आपण’ने सुरू होत. आपण निघू. आपण इथे राहू. आपण तेवढं बघून घेऊ. मला ते आवडत असे.

पुढे एकपदरी पूल आला. इथला रिवाज असा, की पुलाच्या अधिक जवळ असेल त्याने आधी जायचे, समोरच्याने थांबायचे. समोरची मोटार बरीच लांब होती. तरी तो थांबला. ती मोटार पूल ओलांडून आली, चालकाने हात उंचावून आभार मानले, निघूनही गेली. आमची गाडी जागची हलली नाही.

“चल ना,” मी म्हणाले.

“मी दमलोय.” त्याचे हात चाकावरच होते. “तू खांब दाखवलेस, शेवाळ दाखवलंस. मला तीन दिवस फक्त पुढचं वळण दिसतंय. मला काही बघायचंच नाहीये आता.”

अकरा महिन्यांतला त्याचा हा पहिला ‘मी’. मी तो आधी का ऐकला नव्हता, याचा विचार करत मी दार उघडले. दोन्ही हातांनी धरून, कारण इथला वारा मोटारीचे दार उखडून नेतो. आम्ही जागा बदलल्या. मी पूल ओलांडला तो ताशी वीसच्या वेगाने. तो काही बोलला नाही, चांगले केले.

वाळूच्या मैदानाच्या टोकाशी रस्त्याकडेला दोन प्रचंड पोलादी तुळया दिसल्या. पिळून टाकलेल्या फडक्यासारख्या. १९९६ साली हिमाच्छादनाखाली ज्वालामुखी जागा झाला, बर्फ वितळले आणि नोव्हेंबरमध्ये पूर आला. घराएवढाले हिमखंड पुलावर आदळले. त्या पुलाच्या या तुळया. इथे आम्ही थांबलो. या वेळी माहितीची पाटी त्याने वाचली, मोठ्याने, माझ्यासाठी. वाचून झाल्यावर तो बराच वेळ तुळईला हात लावून उभा राहिला.

योकुल्सार्लोनच्या तळ्याशी पोचलो, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. हिमनदीपासून तुटलेले निळे-पांढरे खंड समुद्राच्या दिशेने संथपणे सरकत होते. या जागेसाठी त्याने चार महिने आधीपासून नकाशावर खूण करून ठेवली होती. तो शेजारी झोपला होता. उठवावे असे वाटले, उठवले नाही. फोन काढून भाडेकरूंना लिहिले, ‘आम्ही दोन दिवसांत कळवतो.’ मग ‘आम्ही’ खोडले. ‘मी त्याला नीट विचारून कळवते,’ असे लिहून पाठवून दिले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) वेच्यातील प्रवासात कोणती कामे कोण करत होते?
(आ) ‘अकरा महिन्यांचा करार’ या तपशिलामुळे कथनात कोणता ताण निर्माण होतो?

४.२.३ ‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘मी’

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणाऱ्याचा समावेश होत नाही, ‘आपण’मध्ये तो होतो. “आम्ही जातो” असे म्हणणारा ऐकणाऱ्याला मागे ठेवतो. “आपण जाऊ” असे म्हणणारा त्याला बरोबर घेतो. (‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी आणि आत्मवाचक सर्वनाम म्हणूनही वापरले जाते. येथे तो विचार केलेला नाही.) दांपत्याच्या प्रवासवर्णनात या भेदाला विशेष अर्थ येतो. गाडीत एकमेकांशी बोलताना ते दोघे ‘आपण’ असतात. तीच दोन माणसे वाचकापुढे येताना ‘आम्ही’ होतात.

‘आपण’ हे आपुलकीचे सर्वनाम खरे. पण त्यात एक अडचण आहे. “आपण वाढवू” असे म्हणणारा दुसऱ्याच्या वतीनेही बोलतो आणि पुष्कळदा स्वतःची इच्छा त्या अनेकवचनात लपवतो. वेच्यातील पती पत्नीवर काही लादत आहे असे दिसत नाही. उलट, आपला थकवा तिच्या आनंदाआड येऊ नये, म्हणून तो ‘आपण’चा आश्रय घेतो. पत्नीलाही ते सर्वनाम सुखाचे वाटते, म्हणून ती त्याच्या आत डोकावत नाही. ‘मला ते आवडत असे’ हे छोटे वाक्य या दृष्टीने पुन्हा वाचा. त्यात प्रेम आहे आणि दुर्लक्षाची कबुलीही आहे.

निवेदनातील ‘आम्ही’ही असेच तपासून पाहावे लागते. “आम्ही गाडी चालवत होतो” असे लिहून निवेदिका लगेच “‘आम्ही’ म्हणजे तो” अशी दुरुस्ती करते. ही दुरुस्ती विनोदाने केलेली वाटते. पण साऱ्या वेच्याचे बीज तिच्यात आहे. देखावा तिने पाहिला आणि रस्ता त्याने पाहिला. एका गाडीत बसून दोघांनी दोन निरनिराळे प्रवास केले. तुळयांपाशी “इथे आम्ही थांबलो” हे वाक्य येते, तेथे मात्र त्या सर्वनामाला दुरुस्तीची गरज उरत नाही. वेच्याच्या अखेरीस ती पुन्हा ‘आम्ही’ लिहिते आणि खोडते, कारण निर्णय अजून दोघांचा झालेला नाही.

म्हणून दोघांच्या प्रवासाविषयी लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे : जे दोघांनी खरोखर मिळून अनुभवले, तेथेच ‘आम्ही’ लिहावे. बाकी ठिकाणी ‘मी’ आणि ‘तो’ किंवा ‘ती’ असे वेगळे लिहावे. यामुळे सोबत उणावत नाही. सोबत कोठे होती आणि कोठे नव्हती, हे वाचकाला दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद एका वाक्यात सांगा.
(आ) शेवटच्या निरोपातील बदल काय सूचित करतो?

४.२.४ माहिती केव्हा अनुभव होते?

प्रवासवर्णनात इतिहास-भूगोलाची माहिती हवीच. पण ती मार्गदर्शिकेतून उचलून ठेवल्यासारखी वाटली, तर वाचक ती ओलांडून पुढे जातो. वेच्यात लाकीच्या उद्रेकाची माहिती येते. निवेदिका ती मोठ्याने वाचत आहे आणि पती नुसता ‘हं’ म्हणत आहे. माहिती जितकी भयंकर, तितके ते ‘हं’ लक्षात राहते. १९९६च्या पुराची माहिती येते, तेव्हा भूमिका बदललेल्या असतात. पाटी तो वाचतो. दोन्ही माहिती बेटाविषयीच्या आहेत, परंतु त्या कशा वाचल्या गेल्या यावरून दोघांमधील बदल कळतो.

येथे लेखिकेचा संयमही पाहण्याजोगा आहे. मोडलेला पूल म्हणजे दुरावलेले नाते, असे ती कोठेही सांगत नाही. एकपदरी पुलावरील थांबण्याचा रिवाज ती केवळ रिवाज म्हणून सांगते. वस्तू वस्तूच्या जागी राहू दिली, तर अर्थ लावण्याचे काम वाचक आनंदाने करतो. तो अर्थ आधीच सांगून टाकला, तर वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही.

४.२.५ परिचित उपमान

अनोळखी देखावा समजावून देण्यासाठी प्रवासी लेखक घरच्या वस्तूची तुलना देतो. वेच्यातील गिल्बर्ट टेकडीचा उल्लेख असाच आहे. या तुलनेला शास्त्रीय आधारही आहे. सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्या लाव्ह्यापासून बनले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा बेसाल्ट त्या मानाने पुष्कळच अलीकडचा असून तेथे तो आजही तयार होत आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला बहुकोनी भेगा पडतात आणि त्यातून खांब तयार होतात. ही क्रिया दोन्हीकडे एकच आहे. म्हणून “आपला दगड!” हा उद्गार नुसत्या घरओढीचा राहत नाही. त्यातील ‘आपला’ या शब्दाकडेही लक्ष द्या : पती त्या ‘आपल्या’त सामील होत नाही.

मात्र असे उपमान जपून वापरावे. प्रत्येक धबधब्याला ठोसेघर आणि प्रत्येक घाटाला खंडाळा म्हटले, तर परका देश पाहिलाच जात नाही. आपलेच घर पुन्हा पुन्हा दिसत राहते. तुलना पटली, की लगेच भेदही सांगावा. साम्याने वाचक जवळ येतो; भेदाने त्याला नवे काही दिसते.

४.३ सारांश

दोघांनी केलेल्या प्रवासाचे वर्णन एकजण लिहितो, तेव्हा दुसऱ्याची दृष्टी वगळली जाण्याचा धोका असतो. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही सर्वनामे सोबतीची भावना व्यक्त करतात, तशीच ती व्यक्तीची इच्छा, थकवा आणि एकटेपण झाकूही शकतात. अभ्यासलेल्या वेच्यात बेटाचा वर्तुळमार्ग, अंधार नसलेली रात्र आणि घराचा संपत आलेला करार यांच्या पार्श्वभूमीवर एक पती प्रथमच ‘मी’ म्हणतो आणि पत्नी तो ऐकते. स्थळाची माहिती पात्रांच्या वर्तनाशी जोडली गेली, तर ती अनुभवाचा भाग होते. घरच्या उपमानांनी अपरिचित स्थळ जवळ येते. पण त्यांचा अतिरेक त्या स्थळाला झाकतो.

४.४ पारिभाषिक शब्द

निवेदक : कथन करणारी व्यक्ती. प्रवासवर्णनात निवेदक आणि लेखक बहुधा एकच असतात. तरीही अभ्यासात त्यांचा वेगळा विचार करावा.
समावेशक सर्वनाम : ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे सर्वनाम. उदा. ‘आपण’.
उपमान : ज्याच्याशी तुलना केली जाते ती वस्तू.
हिमाच्छादन : विस्तीर्ण भूप्रदेश झाकणारा बर्फाचा जाड थर.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पती गाडी चालवत होता. पत्नी नकाशा पाहत होती, माहिती वाचून दाखवत होती आणि देखाव्यांकडे त्याचे लक्ष वेधत होती. पुलानंतर ही कामे बदलली.
(आ) करार वाढवायचा की घरी परतायचे, हे ठराविक मुदतीत ठरवणे भाग पडते. त्यामुळे दीर्घ प्रवासातील टाळलेला प्रश्न समोर येतो.

२. (अ) ‘आम्ही’मध्ये ऐकणाऱ्याचा समावेश नसतो, ‘आपण’मध्ये असतो.
(आ) पतीच्या वतीने उत्तर देण्याऐवजी त्याचे मत जाणून घेण्याची गरज निवेदिकेला पटली आहे, हे त्यातून सूचित होते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘तो शेजारी झोपला होता. उठवावे असे वाटले, उठवले नाही.’ या वाक्यांतील निवेदिकेच्या निर्णयाची मीमांसा करा. तुमच्या मते तिने त्याला उठवायला हवे होते का? सकारण लिहा. (१५० शब्द)
२. काळोख न पडणाऱ्या रात्रीचा वेच्यातील भावस्थितीशी असलेला संबंध स्पष्ट करा. (१५० शब्द)
३. हाच प्रसंग पतीच्या दृष्टीतून लिहा. त्याला रस्ता दिसत होता, देखावा नाही, हे ध्यानात ठेवा. (३०० शब्द)

४.७ उपक्रम

तुम्ही कोणाच्या तरी सोबतीने केलेला एखादा प्रवास आठवा. तो परदेशातलाच असावा असे नाही, एस.टी.ने केलेला माहेरचा किंवा वारीचा प्रवासही चालेल. प्रथम तुमच्या आठवणीप्रमाणे एक पान लिहा. मग त्या सोबत्याला भेटून किंवा फोन करून त्याला त्या प्रवासातले काय आठवते, ते विचारा आणि टिपून घ्या. नंतर तुमच्या लेखनातील प्रत्येक ‘आम्ही’ अधोरेखित करून तो खरोखर दोघांचा आहे का, ते तपासा. जेथे तो खरा ठरणार नाही, तेथे वाक्य बदला. दोन्ही खर्डे अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सोबत आणा.